बाहेरचं घड्याळ

"चार नंबरचा कप्पा, पहिला बिट, एक," आप्पा म्हणाले.

मी आकडा टाइप करून एंटर दाबलं.

"म्हण की."

"काय म्हणू? लिहिलं मी."

"तू लिहिलंस हे मला कसं कळणार? आधी म्हणायचं. मी परत म्हणेन. मग लिहायचं. मग वाचायचं, आणि जे वाचलं ते म्हणायचं."

"आप्पा, हे तुमचं वीजघर नाही. हा आपला हॉल आहे. इथे चुकलं तर कुणी मरत नाही."

"जागा बघून पाळायची ती सवय कसली?" आप्पांनी शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवले. "चल. पुन्हा."

"त्या मशीनवर माझा अर्धा शिवलेला ब्लाउज होता," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "त्याचं काय केलंत?"

"घडी घालून ठेवलाय."

"आणि सुई?"

"काढून ठेवली."

"सुई काढून ठेवली," आई म्हणाली आणि तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

दोन दिवसांसाठी म्हणून मी पुण्याहून जयसिंगपूरला आले होते आणि शनिवारची दुपार व्हायच्या आतच माझी सहनशक्ती संपत आली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दुपारचा वैताग जसाच्या तसा आठवतो. टेबलावर एक जुना संगणक, बाजूचा पत्रा काढलेला. त्यात आप्पांनी कुठूनतरी मिळवलेलं डिजिटायझर कार्ड. तारेतून येणारा विजेचा चढउतार ठरावीक अंतराने टिपायचा आणि त्याचे आकडे करायचे, एवढंच त्याचं काम. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तिचा प्रोग्राम आजच्या संगणकावर चालत नव्हता, म्हणून कार्डाच्या पोटातल्या रजिस्टरांमध्ये थेट आकडे लिहिण्याखेरीज इलाज नव्हता. आप्पा त्या रजिस्टरांना कप्पे म्हणत. चार नंबरच्या कप्प्यात लिहायचं की घड्याळ कुणाचं धरायचं: शून्य म्हणजे कार्डाचं स्वतःचं, एक म्हणजे बाहेरून येणारं. पाच नंबरच्या कप्प्यात लिहायचं की त्या घड्याळाच्या किती ठोक्यांमागे एक नमुना टिपायचा. झालं. ऑफिसात असलं काम मी चहा गार व्हायच्या आत उरकते.

इथे सकाळ गेली होती.

आईच्या शिलाई मशीनच्या चाकाला आप्पांनी पत्र्याची दातेरी चकती बसवली होती. एकेक दाता सेन्सरसमोरून गेला की एकेक ठोका, आणि तेच बाहेरचं घड्याळ. पायटा जोरात मारा की हळू, चाकाच्या एका फेऱ्यात जितके दाते तितकेच नमुने यायला हवेत. ते येत नव्हते. आप्पांचे पाय मंदावले की नमुने वाढत होते. म्हणजे कार्ड स्वतःच्याच घड्याळाने चाललं होतं. आणि लिहून झाल्या झाल्या कप्पा वाचावा तर तो बेलाशक सांगत होता, बाहेरचं.

"खोटं बोलतंय हे," मी म्हणाले.

"कार्ड खोटं कशाला बोलेल? आपलंच काहीतरी राहिलंय. चल. चार नंबर..."

"चार नंबर, पहिला बिट, एक. आता पाच नंबर. एक. दोन्ही वाचले, दोन्ही बरोबर. खूश? मारा पायटा."

त्यांनी पायटा मारला. आकडे पुन्हा भलतेच आले.

आप्पांनी उभी नोकरी एका धरणाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या वीजघरात काढली. तिथे खटका ओढणाऱ्याने आधी मोठ्याने सांगायचं, शेजारच्याने तेच परत म्हणायचं, मग खटका ओढायचा, अशी शिस्त होती. निवृत्त होताना माणसं घड्याळ नाहीतर शाल घेऊन येतात, आप्पा ही शिस्त घेऊन आले. "गॅस बंद करतोय" म्हटलं की कुणीतरी "बंद" म्हणेपर्यंत त्यांचा हात बटणावरून हलायचा नाही. आई म्हणून टाकायची. मी कॉलेजात गेल्यापासून सोडून दिलं होतं. त्यात त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, आणि परत म्हणायचं ते ओरडून म्हणायची वेळ आली. मी आणून दिलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून होतं.

आणि याच कानांनी त्यांना वीजघरातल्या दोन नंबरच्या मशीनचा, म्हणजे जनित्राचा, ठोका ऐकू येत होता.

निवृत्त झाल्यावरही ते महिन्यातून एकदा वीजघरात जायचे, त्यांचे जुने सोबती मुल्लाणी यांना भेटायला. हातोड्याचा लाकडी दांडा एका टोकाने बेअरिंगला आणि दुसऱ्या टोकाने कानामागच्या हाडाला लावायचा, ही त्यांची तपासणी. दोन नंबर थांबवताना, वेग उतरत असताना, दर फेऱ्याला एक बारीक टक् येतं, असं ते वर्षभर सांगत होते. साहेब लोकांनी चालत्या मशीनवर मीटर लावला. काही निघालं नाही. शेवटी नव्या कार्यकारी अभियंता सावंत मॅडम आप्पांना म्हणाल्या, "मगदूम साहेब, मला आकड्यांत दाखवा, मी बेअरिंग उघडते." मशीन एकदाच थांबणार होतं, पंधरवड्यानंतरच्या सोमवारी. मग कालव्याला पाणी सुटणार आणि उन्हाळा संपेपर्यंत ते कुणी थांबवणार नव्हतं.

दाराची बेल ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी शाफ्टच्या आतला ठोका ऐकला, यावर माझा विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. मी आले होते ते एकदाचं हे संपावं म्हणून.

जेवण झाल्यावर मी शेवटचा मार्ग सुचवला.

"आप्पा, बाहेरच्या घड्याळाचा नाद सोडा. कार्डाचं स्वतःचं घड्याळ क्रिस्टलचं आहे, एकदम पक्कं. तुमचा शाफ्ट तर थांबता थांबता डगमगणार. मी कार्डाच्या घड्याळाने नमुने घेते, नंतर कोडमध्ये सरळ करून देते."

"नंतर सरळ करायचं म्हणजे आत्ता वाकडं घ्यायचं."

"सगळे असंच करतात."

"करू देत." त्यांनी टेबलावर बोटाने एक रेघ ओढली, मग तिच्याहून लांब दुसरी, मग तिसरी. "शाफ्ट हळू होत जातो. तुझं घड्याळ आपल्या चालीनं चाललेलंच. त्याचा एक फेरा तुला आधी एवढा दिसणार, मग एवढा, मग एवढा. ठोका तर दर फेऱ्याला त्याच जागी बसतोय. तुला मात्र दर वेळी भलतीकडं दिसणार, आणि तू म्हणणार, गोंगाट आहे, सोडा. साहेब लोक तेच म्हणाले. ज्याला मोजायचं, त्याच्या घड्याळानं मोजायचं, पद्मे."

"बरं."

"बरं काय? कळलं का?"

"कळलं, आप्पा. ओरडू नका, मला ऐकू येतं."

आई खुदकन हसली. आप्पाही हसले, पण त्यांना ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे.

पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा पायटा. चार वाजून गेले. आई दर्शनाला जैन बस्तीत गेली. कप्पे वाचून बघितले तेव्हा बरोबर होते, म्हणजे दोष कप्प्यांचा नाही, असा मी हिशेब मांडला.

"सेन्सरची तार खराब असणार," मी म्हणाले. "ठोके कार्डापर्यंत पोचतच नाहीत."

आप्पांनी तार दोन्ही टोकांना वाकवून बघितली. त्यांना पटलं नव्हतं, पण ते उठले. खिशाला पेन आहे का चाचपलं, चपला पायांत सरकवल्या.

"स्टेशन रोडच्या रेडिओवाल्याकडून नवी आणतो. दिवस मावळायच्या आत परत. जेवायला थांबा."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात.

"हं," मी म्हणाले.

"येतो गं."

पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. दारातली सावली हलली नाही.

"येतो."

"आप्पा, जा ना आता. दुकान बंद होईल."

चपला वाजत गेल्या. फाटक वाजलं. "कडी लावली," ते बाहेरून म्हणाले.

रेडिओवाल्याने नंतर सांगितलं, आप्पांनी तार हातात घेऊन दोन्ही टोकं नीट बघितली, "जरा बसतो" म्हणाले आणि स्टुलावर बसले. ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा आईने तीन ताटं घेतली होती.

*

येणारीजाणारी माणसं कमी झाली तेव्हा मुल्लाणीकाका आले. ते अजून कंत्राटावर वीजघरात होते. आईशी थोडं बोलले, पाणी प्यायले, मग हॉलमधल्या टेबलाकडे बघत राहिले.

"ताई, कार्डाचं काय झालं?"

मला आधी कळेनाच. "कसलं कार्ड?"

"सोमवारी दोन नंबर थांबणार. मॅडमनी मगदूम साहेबांना शब्द दिलाय. ही वेळ गेली की गेली."

"काका, आप्पा गेले."

"व्हय. मशीन हाय की अजून." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "त्याच्या शेजारी बसून मी रोज डबा खातो, ताई."

"तुम्हाला ऐकू येतो तो ठोका?"

"मला? माझे कान साहेबांच्या आधी गेले. मी दांडा लावला की मला माझीच दाढ ठणकताना ऐकू येते."

"मग तो आहे हे कशावरून?"

"तेच बघायचं. नसला तर म्हणू, साहेब चुकले. पस्तीस वर्सांत तेवढं म्हणायची संधी दिली नाही माणसानं."

माझं डोकं तापलं. सगळ्या जगात त्या क्षणी मला नको असलेली एकच वस्तू होती आणि ती तिथे टेबलावर होती. मी नाही म्हणणार होते. पण आतून आई बाहेर आली.

"मला ब्लाउज पुरा करायचाय," ती म्हणाली. "ते काय असेल ते उरकून टाका आणि माझं मशीन मोकळं करा."

तार आली होती. रेडिओवाल्याने ती त्यांच्या चपलांबरोबर पाठवून दिली होती. मी ती जोडली. मुल्लाणीकाका शिलाई मशीनवर बसले.

"म्हणा," ते म्हणाले.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मला तुमचा पडदा वाचता येत नाही. ऐकलं तरच कळणार काय चाललंय."

"चार नंबर, पहिला बिट, एक," मी दातओठ खात म्हणाले. "लिहिलं. वाचलं. एक."

"एक."

"पाच नंबर. एक. लिहिलं. वाचलं."

"एक."

"मारा पायटा."

नव्या तारेवरही तेच झालं. वेग उतरला की नमुने वाढले. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मी खुर्ची मागे सरकवली. भांडायला समोर कुणी असतं तर त्यातल्या त्यात बरं झालं असतं.

"अजून एकदा," मुल्लाणीकाका म्हणाले.

"चार नंबर, पहिला बिट, एक. वाचलं. एक."

"एक."

"पाच नंबर, एक..."

"थांबा थांबा थांबा!" त्यांचा पायजमा पायट्यात अडकला होता. ते एका पायावर लंगडत उभे राहिले, चाक गरगरलं, आई कात्री घेऊन धावली, "कापू नका वहिनी, ईदचा हाय!" म्हणून ते ओरडले. शेवटी आईने चाक उलटं फिरवून पायजमा सोडवला. तिच्या तोंडावर किती दिवसांनी काहीतरी हललं.

"हां. कुठवर आलो होतो?" मुल्लाणीकाकांनी विचारलं.

मला आठवेना. पाच नंबर लिहिला होता का नाही? वैतागून मी पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"चार नंबर, पहिला बिट," मी म्हणाले आणि थांबले. "शून्य."

"एक," मुल्लाणीकाका म्हणाले. "मघाशी एक म्हणाला तुम्ही."

"आता शून्य आहे."

मी चार नंबरमध्ये पुन्हा एक लिहिला. वाचला. एक. पाच नंबर लिहिला. मागे येऊन चार नंबर वाचला. शून्य. पाच नंबरच्या कप्प्यात काहीही लिहिलं की कार्ड गुपचूप आपल्या घड्याळावर परत जात होतं.

आप्पांनी आयुष्यभर हाताळलेला खटका जिथे ठेवावा तिथे राहायचा. पुढचा ओढला म्हणून मागचा आपोआप सुटत नसे. एकदा ओढून, वाचून, म्हणून झालं की तो विषय संपला. लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी वाचायला लावली होती, पण मागे वळून पुन्हा वाचायचं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. आणि मी वाचत होते ती त्यांनी गप्प बसावं म्हणून.

"उलटं करायचं," मी म्हणाले. "पाच आधी. चार शेवटी."

"पाच आधी, चार शेवटी," मुल्लाणीकाका म्हणाले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पायटा मारायला लागले.

जोरात, हळू, मग अगदी रेंगाळत. फेऱ्यामागे नमुने तेवढेच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

वीजघरात मी लहानपणी एकदाच गेले होते. जमिनीतून तळपायांना येणारी थरथर तेवढी आठवत होती. ती तशीच होती. सावंत मॅडम माझ्यापेक्षा लहान निघाल्या. त्यांनी आप्पांबद्दल एक वाक्य तयार करून ठेवलं असावं, पण मशीनच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही आणि त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

शाफ्टवरच्या दातेरी कड्याचा सेन्सर जोडला. बेअरिंगवर दुसरा. पाच नंबर आधी, चार शेवटी, मग दोन्ही पुन्हा वाचले. मुल्लाणीकाका पॅनलसमोर उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

"लोड उतरवतोय!"

शेजारी त्यांचा रोजचा जोडीदार होता, पण बघत होते ते माझ्याकडे.

"लोड उतरवा!" मी ओरडले.

"ब्रेकर उघडतोय!"

"ब्रेकर उघडा!"

"झडप मिटतोय!"

"झडप मिटा!"

पाणी तुटलं. आवाज आधी पातळ झाला, मग जाड. पायाखालची थरथर वेगवेगळी होत गेली. मला टक् वगैरे काही ऐकू आलं नाही. मी फक्त पडद्याकडे बघत होते. शाफ्ट थकत थकत फिरत होता आणि कार्ड त्याच्या एकेका दात्याला एकेक नमुना घेत होतं, तो घाईत होता तेव्हा घाईने, तो रेंगाळला तेव्हा रेंगाळून.

"मशीन थांबलं," मुल्लाणीकाका म्हणाले. आता ओरडायची गरज नव्हती.

"थांबलं."

मी सगळे फेरे एकाखाली एक मांडले. पहिले काही फेरे नुसते खडबडीत होते. मग वेग उतरायला लागला तिथपासून, प्रत्येक फेऱ्यात, त्याच दात्यापाशी, एक उंच टोक. त्याच्याखाली पुढच्या फेऱ्याचं. त्याच्याखाली त्याच्या पुढच्याचं. वरून खालपर्यंत सरळ उभी रेघ, ओळंब्याने आखल्यासारखी.

सावंत मॅडम वाकून बघत राहिल्या.

"हे प्रत्येक फेऱ्याला आहे?"

"प्रत्येक."

"आमच्या मीटरवर का नाही आलं?"

"तुम्ही चालत्या मशीनवर बघितलंत. हे थांबताना येतं. आणि सेकंदांनी मोजलं असतं तर पसरून गेलं असतं."

त्यांनी रेघेवर पेनाचं टोक वरपासून खालपर्यंत फिरवलं. "कुणी सांगितलं हे असं मोजायला?"

मी फेऱ्यांचे आकडे जतन केले.

"उघडूया," त्या म्हणाल्या. "पाणी चार दिवस उशिरा सुटेल. मी वर बोलते." आणि फोन काढत बाहेर गेल्या. बेअरिंगच्या आत खरोखरच चीर निघाली, पण ते दोन दिवसांनी.

मुल्लाणीकाका पडद्यासमोर आले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ती रेघ मात्र कळली.

"म्हणजे याही वेळी राहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"साहेब चुकले म्हणायचं." त्यांनी नाक पुसलं. "चहा सांगून येतो, ताई."

मी तार गुंडाळायला घेतली. नवी होती, नीट गुंडाळत नव्हती. कोपराभोवती घेतली की पीळ खाऊन ती पुन्हा पुन्हा सुटत होती. थोड्या वेळाने लक्षात आलं की दारातली सावली हलली नाही.

"येतो," मुल्लाणीकाका म्हणाले. ते थांबले होते.

"या," मी म्हणाले.

ते गेले. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. बेअरिंगजवळच्या कठड्याला आप्पांचा हातोड्याचा दांडा टेकून ठेवलेला होता, एका टोकाला तेलाने काळा आणि दुसऱ्या टोकाला गुळगुळीत. मी तार खाली ठेवली. दार उघडंच होतं, त्यातून ऊन आत आलं होतं, आणि उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी मोठ्याने म्हणाले.

"या, आप्पा. या."